मुलाला रक्ताचा कर्करोग झालाय असं कळल्यावर: पहिल्या दिवसापासून शेवटच्या गोळीपर्यंत

रिपोर्टवर ‘ब्लास्ट’, म्हणजे अपक्व रोगपेशी, हा शब्द आला, की घरात पहिला प्रश्न येतो ‘कुठे न्यायचं’ आणि दुसरा ‘खर्च किती’. या दोन्हींच्या आधी विचारायचा प्रश्न म्हणजे ‘नक्की कोणता प्रकार’. उपचार दोन-अडीच वर्षं चालणार की सहा महिने, आज रात्रीच दाखल व्हायचं की दोन दिवस हातात आहेत, हे सगळं त्यावर ठरतं.

मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एएलएल. ल्युकेमिया झालेल्या दर चार मुलांपैकी साधारण तिघांना हाच असतो आणि दोन ते पाच वर्षं या वयात तो जास्त दिसतो. श्रीमंत देशांत ही दहापैकी नऊ मुलं बरी होतात. आपल्याकडे आकडा त्याहून कमी आहे. औषधं बहुतेक तीच आहेत. फरक पडतो तो उशिरा निदान, उपचारातला जंतुसंसर्ग आणि अर्ध्यावर सोडलेला उपचार यांमुळे. शेवटच्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी घरच्यांच्या हातात असतात, म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे. प्रोटोकॉल, म्हणजे औषधांचा क्रम आणि डोस, ठरवणं हे डॉक्टरांचं काम.

निदान होईपर्यंत: स्टेरॉइड नको

न उतरणारा ताप, फिकटपणा, अंगावर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके, मानेत-काखेत गाठी, रात्री पाय दुखून रडणं, अचानक लंगडणं. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली, तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि पेरिफेरल स्मीअर (रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करून घ्या. तपासणी साधी आहे, तालुक्याच्या गावातही होते.

या टप्प्यावर नेहमी होणारी चूक म्हणजे सांधेदुखी, दमा किंवा ‘गाठी आल्यात’ म्हणून दिलेलं प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन. ही औषधं म्हणजे एएलएलच्या उपचारातलीच पहिली औषधं. चार गोळ्यांनी गाठी विरघळतात, ताप जातो, मूल खेळायला लागतं आणि निदान महिनाभर लांबतं. शिवाय मॅरोचं, म्हणजे हाडातल्या मगजाचं, चित्र बिघडतं, धोक्याची पातळी ठरवणं अवघड होतं. स्टेरॉइड आधीच दिलं गेलं असेल, तर नाव, डोस आणि तारखा कागदावर लिहून कर्करोगतज्ज्ञांना द्या. लपवू नका.

दुसरी चूक गाठींच्या बाबतीत होते. मानेत गाठ म्हणजे टीबी, असं आपल्याकडे अनेकदा गृहीत धरलं जातं, आणि सुईने पाणी काढून झालेल्या तपासणीत स्पष्ट काही निघालं नाही तरी टीबीच्या गोळ्या सुरू होतात. लिम्फोमाच्या, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कर्करोगाच्या, निदानासाठी शक्यतो अख्खी गाठ काढून बायोप्सी लागते. सुईच्या तपासणीवर लिम्फोमा नाही असं ठामपणे म्हणता येत नाही.

दोन परिस्थितींत मात्र थांबायला वेळ नसतो. छातीत गाठ असेल आणि मूल आडवं झाल्यावर धापा टाकत असेल, चेहरा सुजत असेल, तर त्याला झोपवून सीटी स्कॅन करणं किंवा भूल देणंही जिवावर बेतू शकतं. अशा मुलाला बसवूनच न्यावं आणि गेल्या गेल्या पहिलं हेच सांगावं. दुसरी म्हणजे पोटात झपाट्याने वाढणारी गाठ. बर्किट लिम्फोमाच्या पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होतात, त्यामुळे ‘पुढच्या सोमवारी या’ हे उत्तर तिथे चालत नाही.

कोणत्या तपासण्या, आणि का

बोन मॅरो कमरेच्या हाडातून काढतात. त्यावर फ्लो सायटोमेट्री (पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी) होते आणि रोग बी-पेशींचा की टी-पेशींचा की मायलॉइड (एएलएलहून वेगळा प्रकार) हे कळतं. सोबत गुणसूत्रांची तपासणी पाठवतात. खर्च वाचवायला हीच टाळावी असं वाटतं, पण ती टाळू नका. फिलाडेल्फिया नावाचं बदललेलं गुणसूत्र निघालं, तर इमॅटिनिब किंवा डॅसॅटिनिबची गोळी जोडावी लागते आणि सगळा मार्ग बदलतो. मॅरोचा नमुना केमोच्या आधीचाच लागतो, नंतर ती संधी नसते.

पाठीतलं पाणी तपासतात, कारण मेंदूभोवतीच्या द्रवात पेशी लपतात आणि शिरेतून दिलेलं बहुतेक औषध तिथे पोहोचत नाही. त्याच वेळी पाठीतून मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषधही देतात. त्यानंतर तासभर मुलाला सपाट झोपवून ठेवायचं, म्हणजे औषध वरपर्यंत पसरतं. पाठीतून पाणी काढलं की मूल लुळं पडतं, हा समज निराधार आहे.

एका गोष्टीची मात्र खात्री करून घेण्याचा हक्क पालकांना आहे. व्हिनक्रिस्टिन हे औषध फक्त शिरेतून द्यायचं असतं. चुकून पाठीत गेलं तर ते प्राणघातक ठरतं. म्हणूनच चांगल्या केंद्रांत ते सिरिंजऐवजी छोट्या सलाइनच्या पिशवीतून देतात आणि पाठीतलं इंजेक्शन वेगळ्या खोलीत, वेगळ्या वेळी देतात. ‘हे कोणतं औषध, कुठून द्यायचं?’ असं विचारलं म्हणून कोणी रागावलं, तरी विचारायचं.

धोक्याची पहिली वर्गवारी वय आणि पांढऱ्या पेशी यांवर होते. बी-प्रकारात एक ते दहाच्या आतलं वय आणि ५०,००० पेक्षा कमी पेशी म्हणजे साधारण धोका. पण खरा निकाल लागतो तो पहिल्या महिन्यानंतरच्या एमआरडीत, म्हणजे शिल्लक राहिलेल्या रोगपेशींच्या मोजणीत. ०.०१ टक्क्याच्या खाली म्हणजे दहा हजार पेशींत एकापेक्षा कमी. ही तारीख डायरीत लिहून ठेवा आणि रिपोर्ट मागून घ्या.

पैसे आणि राहणं: पहिल्या आठवड्यात उरकायची कामं

महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि ते आता सर्व रंगांच्या शिधापत्रिकांना लागू आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, दाखल होण्याआधी त्याला भेटा. अडतं ते नेहमी एकाच ठिकाणी: मुलाचं नाव शिधापत्रिकेवर चढवलेलं नसतं किंवा आधारवरचं नाव जुळत नाही. जन्मदाखला, दोघा पालकांचं आधार, शिधापत्रिका आणि निदानाचा कागद यांच्या प्रत्येकी पाच झेरॉक्स काढून ठेवा, आणि गावाकडे कोणीतरी तहसीलचं काम हातात घेऊ दे. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. योजनेचे पैसे संपले तर मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि रुग्णालयाचे समाजसेवक. समाजसेवकांना पैसे संपल्यावर नाही, पहिल्याच आठवड्यात भेटायचं.

परळचं टाटा रुग्णालय बहुतेकांना माहीत असतं. मुलांसाठी परळचं वाडिया रुग्णालयही आहे. टाटाचीच खारघरची शाखा म्हणजे अॅक्ट्रेक. आपल्या जिल्ह्याजवळच्या केंद्रात बालकर्करोगतज्ज्ञ आहे का, हे नक्की विचारा. मोठ्या केंद्रात सुरुवात आणि घराजवळ मेंटेनन्स (शेवटचा, गोळ्यांचा लांब टप्पा), असा वाटून घेतलेला उपचार अनेकदा शक्य असतो आणि त्यामुळेच बरीच कुटुंबं शेवटपर्यंत टिकतात.

मुंबईत राहायला सेंट ज्यूड इंडियाची मोफत केंद्रं आहेत, परळ-कॉटन ग्रीन-खारघर भागात, पण तिथे रुग्णालयाच्या चिठ्ठीनेच जागा मिळते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती हेही जुने आधार. फुटपाथवर काढलेले दिवस केमोतल्या मुलाला परवडत नाहीत, कारण काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, पडलेले असताना साधी धूळही न्यूमोनियाला पुरते.

रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत असते, सोबतच्या एकाला ७५ टक्के. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो.

पहिला महिना

याला इंडक्शन म्हणतात. रोज स्टेरॉइड, आठवड्यातून एकदा व्हिनक्रिस्टिन, काही अॅस्पॅराजिनेजची इंजेक्शनं, धोका जास्त असेल तर डॉनोरुबिसिन आणि पाठीतली इंजेक्शनं. बहुतेक मुलांचा रोग महिन्याअखेर सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनासा होतो. हाच महिना सर्वांत धोक्याचाही असतो.

सुरुवातीच्या दिवसांत रोगपेशी एवढ्या झपाट्याने फुटतात, की रक्तात पोटॅशियम आणि युरिक अॅसिड वाढून मूत्रपिंड अडू शकतं. म्हणून दिवसाला दर चौरस मीटरमागे सुमारे ३ लिटर सलाइन, युरिक अॅसिड उतरवायला अॅलोप्युरिनॉल, कधी रॅसब्युरिकेज. रॅसब्युरिकेजच्या आधी जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची तपासणी हवी, कारण त्याची कमतरता असेल तर तांबड्या पेशी फुटतात. लघवी मोजायला सांगितली असेल, तर प्रत्येक वेळी मोजून लिहा. या दिवसांत नर्सला सर्वांत उपयोगी माहिती तीच असते.

स्टेरॉइडमुळे मूल दर तासाला खायला मागतं, चिडतं, रात्री जागतं, गाल फुगतात. पोटात जळजळ होते म्हणून गोळी जेवणानंतर द्या. साखर आणि रक्तदाब वाढू शकतो, लोणचं-पापड आवरा. स्टेरॉइड अचानक बंद करायचं नाही. बाटली संपली म्हणून दोन दिवस न देणं ही गंभीर चूक आहे.

व्हिनक्रिस्टिनने बद्धकोष्ठ होतो, जबडा दुखतो, पाऊल उचलताना घासतं. शौचाला मऊ होण्याचं औषध पहिल्या डोसपासूनच द्यायचं, पोट फुगल्यावर नाही. एनिमा घरी अजिबात द्यायचा नाही. बुरशीवरची काही औषधं, जसं इट्राकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल, व्हिनक्रिस्टिनचा त्रास कैक पटींनी वाढवतात. गावातल्या डॉक्टरांनी तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांसाठी असं काही लिहून दिलं, तर आधी केंद्राला फोन करा.

अॅस्पॅराजिनेजनंतर तासभर तरी डे केअरमध्ये थांबा, अॅलर्जी तेव्हाच दिसते. नंतरच्या दिवसांत पोटात कळ येऊन पाठीत गेली तर स्वादुपिंडाची सूज असू शकते. तीव्र डोकेदुखी किंवा झटका आला तर मेंदूच्या शिरेत गुठळी असू शकते. डॉनोरुबिसिननंतर लघवी नारिंगी-लाल होते, त्याला घाबरायचं कारण नाही.

रक्त आणि प्लेटलेट

प्लेटलेट १०,००० च्या खाली गेल्या की, रक्तस्राव नसला तरी, सहसा देतात. पाठीतल्या इंजेक्शनसाठी त्याहून जास्त लागतात. प्लेटलेट फक्त पाच दिवस टिकतात आणि फ्रीजमध्ये ठेवत नाहीत, म्हणून दाते आधीपासून जोडून ठेवावे लागतात. गट कोणता, वजन किती, शेवटचं रक्त कधी दिलं, अशी दहा-पंधरा जणांची यादी करा. एका दात्याकडून मशीनवर काढलेली एसडीपी ही साध्या पाच-सहा पिशव्यांएवढी असते. तिथे एकाच दात्याशी संपर्क येतो, पण किंमत जास्त. नात्यातल्या माणसाचं रक्त द्यायचं असेल तर ते इरेडिएट (किरणांनी प्रक्रिया) केलेलंच हवं. नातलगाच्या पांढऱ्या पेशी मुलाच्या शरीरात तग धरून त्याच्यावरच हल्ला करू शकतात. हा प्रकार विरळा आहे, पण झाला तर बहुधा जीव घेतो.

‘रक्त वाढायला’ लोहाचं टॉनिक देऊ नका. वारंवार रक्त चढवल्याने लोह आधीच जास्त झालेलं असतं.

ताप आला तर

या लेखातलं एकच काही पाठ करायचं असेल तर ते हे.

घरात डिजिटल थर्मामीटर हवा, काखेत लावायचा. गुदद्वारात कधीच नाही. एकदा १०१ फॅरनहाइट (३८.३ सेल्सिअस), किंवा १००.४ (३८) तासभर टिकून, म्हणजे ताप. मुलाला थंडी वाजून हुडहुडी भरली, तर आकडा कितीही असो. पॅरासिटामॉल देऊन बघू, सकाळी जाऊ, हे चालत नाही. पांढऱ्या पेशी नसताना जंतू काही तासांत रक्तात पसरतात. अँटिबायोटिकचा पहिला डोस रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात गेला पाहिजे.

गडचिरोलीहून किंवा नंदुरबारहून मुंबई गाठायला अख्खी रात्र जाते. म्हणून डिस्चार्जच्या वेळीच तज्ज्ञांकडून एक चिठ्ठी मागून घ्या: मुलाचं निदान, वजन, चालू केमो, कोणतं अँटिबायोटिक किती डोसमध्ये द्यायचं, आणि फोन नंबर. ती लॅमिनेट करून फाइलच्या पहिल्या पानाला लावा. ताप आल्यावर जवळच्या रुग्णालयात शिरेतून पहिला डोस घ्यायचा, रक्ताचं कल्चर होत असेल तर त्याआधी, आणि मग प्रवास. त्या चिठ्ठीत आणखी एक ओळ असू द्या: दंडात-कुल्ल्यात इंजेक्शन नको, अॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नको.

स्टेरॉइड चालू असताना ताप येतच नाही, असंही होतं. हातपाय गार, मूल मलूल, पोटात दुखतंय, लघवी कमी झाली. ताप नसला तरी हा तापच समजून निघायचं.

रात्री अकराला ‘जायचं की नाही’ हा वाद घरात होऊ नये म्हणून दोघांनी आधीच ठरवून ठेवा: कोण निघणार, कोणाची गाडी, धाकट्याला कोण सांभाळणार, पैसे कुठे ठेवलेत.

काउंट कसे वाचायचे

रिपोर्टमध्ये बघायचा आकडा म्हणजे एएनसी, न्यूट्रोफिल पेशींची खरी संख्या. बऱ्याच लॅब तो छापत नाहीत. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलचा टक्का भागिले शंभर. पेशी १,८०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील, तर ५४०. पाचशेच्या खाली म्हणजे मूल फार जपायचं, गर्दी बंद. काही लॅब १,८०० ऐवजी १.८ छापतात, तो हजारांत असतो. गावची लॅब आणि केंद्राची लॅब यांचे आकडे थोडे वेगळे येतातच, म्हणून शक्यतो एकच लॅब धरा.

काउंट पडले म्हणून केमो आठवडाभर पुढे गेली, तर ते उपचाराच्या हिशोबातच असतं. पपईच्या पानांचा रस आणि गुळवेलीचा काढा याच वेळी नातेवाईक सुचवतात. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची प्रकरणं मुंबईच्याच डॉक्टरांनी नोंदवली आहेत. इथे यकृतावर आधीच औषधांचा भार असतो, आणि एन्झाइम वाढले की केमो थांबते.

तोंड, जेवण, घर

अन्न ताजं, शिजवलेलं, गरम. वरून पेरलेली कच्ची कोथिंबीर, कच्ची चटणी, उसाचा रस, पाणीपुरी, उघड्यावरचा बर्फ बंद. जाड सालीची फळं धुऊन, घरी सोलून: केळं, संत्रं, डाळिंब. पाणी उकळलेलं. याउपर फार निर्बंध घालू नका. जेवणावरून रोज भांडणं झाली, की मूल खाणंच सोडतं आणि कुपोषित मुलाला केमो सोसत नाही. अंडं पूर्ण उकडून, डाळ, पनीर, शेंगदाण्याचा लाडू, सगळं चालतं.

तोंड आलं तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा, दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. मऊ ब्रश. शौचाच्या जागी चीर पडली असेल, तर लाजेने सांगायचं राहू देऊ नका, जंतू तिथूनही शिरतात.

पीआयसीसी (दंडातून घातलेली लांब नळी) असेल तर आठवड्याला ड्रेसिंग आणि फ्लश (नळी धुणं), केमोपोर्ट (छातीत कातडीखाली बसवलेली डबी) असेल तर वापरात नसताना साधारण दर चार आठवड्यांनी फ्लश. फ्लशनंतर थंडी वाजून ताप आला, तर लाइनमध्ये जंतू आहेत असं धरून लगेच या.

घरात कोणाला कांजिण्या आल्या किंवा शेजारी आल्या, तर त्याच दिवशी फोन करा. उपचार चालू असताना मुलाला तोंडावाटे पोलिओ, गोवर-रुबेला, कांजिण्या या जिवंत लशी नकोत. घरातल्या भावंडांनाही पोलिओचे थेंब नकोत, त्यांना इंजेक्शनची लस द्या. पल्स पोलिओच्या रविवारी दारात आलेल्या ताईंना हे सांगावं लागतं. भावंडांच्या गोवर-रुबेला लशीला अडचण नाही.

मेंटेनन्स: केस परत येतात तेव्हा

पुढचे काही महिने जोरदार केमोचे असतात. त्यात जास्त डोसचं मेथोट्रेक्सेट असेल, तर त्यावरचा उतारा असलेलं ल्युकोव्होरिन घड्याळ लावून द्यायचं, रात्री तीनचा डोसही. मग येतो मेंटेनन्स, दीड-दोन वर्षांचा. मूल शाळेत जायला लागतं, घरचे कामावर परततात. आणि इथेच गोळ्या चुकायला लागतात. अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं, की ६-एमपी, म्हणजे रोज घ्यायच्या मर्कॅप्टोप्युरिनच्या, शंभरपैकी ९५ पेक्षा कमी डोस पोटात गेलेल्या मुलांमध्ये रोग उलटण्याचं प्रमाण ठळकपणे वाढतं. शंभरात पाच म्हणजे तीन आठवड्यांत एक डोस.

हिशोब असा. उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन किलोमध्ये, भागिले ३,६००, त्याचं वर्गमूळ म्हणजे शरीराचं क्षेत्रफळ. १७ किलो आणि १०५ सेंटिमीटरच्या मुलाचं ०.७ चौरस मीटर येतं. ६-एमपी चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम धरलं तर रोज ४२, आठवड्याला २९४. गोळी ५० ची असते, म्हणून आठवड्याला सहा गोळ्या: पाच दिवस एक, दोन दिवस अर्धी. कॅलेंडरवर तसं लिहा आणि दिल्यावर खूण करा. अर्धी करायला गोळी कापण्याचं यंत्र घ्या, सुरीने चुरा होतो. हातमोजे घाला किंवा नंतर हात नीट धुवा. घरात कोणी गरोदर असेल तर तिने गोळ्यांना हात लावू नये. अॅक्ट्रेक आणि टाटाच्या कामातून ६-एमपीचं पातळ औषधही २०२५ मध्ये भारतात आलं, त्यामुळे लहान मुलांसाठी ही कापाकापी टळू शकते. ओपीडीत विचारा.

मेथोट्रेक्सेट मात्र आठवड्यातून एकदाच. चौरस मीटरला २० मिलिग्रॅम म्हणजे वरच्या मुलाला १४, अडीचच्या गोळ्यांत पाच-सहा. ही गोळी चुकून रोज दिली गेली तर मूल दगावू शकतं. वार ठरवा आणि पुडीवर मोठ्या अक्षरांत ‘फक्त शुक्रवार’ असं लिहा. दुकानदाराने अडीचऐवजी साडेसात किंवा दहाची पट्टी दिली, की गोळ्यांची संख्या तीच राहते आणि डोस तिप्पट-चौपट होतो. दर वेळी पट्टीवरचा आकडा वाचा. फॉलिक अॅसिड असलेलं टॉनिक विचारल्याशिवाय देऊ नका, मेथोट्रेक्सेट त्याच्याच विरोधात काम करतं.

डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. उलटी झाली तर किती वेळाने झाली ते लिहून विचारा. सेप्ट्रान हे अँटिबायोटिक आठवड्यातून दोन-तीन दिवस सांगितलेलं असतं, ते एक विशिष्ट न्यूमोनिया टाळण्यासाठी. ‘साधी गोळी’ म्हणून तिचीच पहिल्यांदा सुट्टी होते.

काही मुलांचे काउंट पूर्ण डोसवर वारंवार कोसळतात. एनयूडीटी१५ किंवा टीपीएमटी या जनुकांतला फरक त्यामागे असू शकतो. पहिला प्रकार आशियाई लोकांत जास्त आढळतो. तपासणी एकदाच करावी लागते. उलट काउंट फारच छान राहत असतील, तर गोळ्या पोटात जातायत का, हे आधी बघा. मेंटेनन्समध्ये एएनसी साधारण ७५० ते १,५०० च्या मध्ये ठेवायची असते.

लिम्फोमा असेल तर

टी-लिम्फोब्लास्टिक लिम्फोमाचा उपचार जवळपास एएलएलसारखाच लांब चालतो. बर्किटचा अगदी उलट: काही महिने, पण फार तीव्र, बराच काळ दाखल राहून. तोंड जबरदस्त येतं. वाढलेल्या बर्किटमध्ये रिटुक्सिमॅब जोडल्यावर तीन वर्षांनी ठीक असलेल्या मुलांचं प्रमाण ८२ वरून ९४ टक्क्यांच्या आसपास गेल्याचं २०२० मध्ये छापून आलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसलं. हॉजकिन या लिम्फोमाच्या प्रकारात केमोच्या दोन सायकलनंतर पेट स्कॅन (रोग कुठे शिल्लक आहे ते दाखवणारा) करतात आणि उत्तर चांगलं असेल तर रेडिएशन टाळता येतं. त्या पेटची तारीख चुकवू नका. हॉजकिनची दहातली नऊहून अधिक मुलं बरी होतात, त्यामुळे तिथे नंतरच्या आयुष्याचा विचार जास्त करावा लागतो. वयात आलेल्या मुलाचे शुक्राणू साठवायचे तर पहिल्या केमोच्या आधीच.

‘संशोधनात सहभागी व्हाल का?’

हा प्रश्न आला की पालकांना वाटतं, आपल्या मुलावर प्रयोग होणार. आज घरोघरी दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी अशाच संशोधनातून आली. १९४७-४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी तिचं आधीचं रूप, अमिनोप्टेरिन, १६ मुलांना दिलं आणि त्यांपैकी १० मुलांमध्ये रोग तात्पुरता मागे हटला. ते औषध लेडर्ली कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने बनवलं होतं, आपल्याच आंध्रातले. भारतातही ऐंशीच्या दशकात एमसीपी-८४१ हा प्रोटोकॉल टाटा, एम्स आणि चेन्नईच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये एकत्र वापरून जगण्याचं प्रमाण बरंच वर नेलं. अलीकडे आयसिकल या गटाने अनेक केंद्रांत एकच प्रोटोकॉल आणला आहे.

सहीपूर्वी विचारा: चाचणीबाहेर राहिलो तर कोणता उपचार मिळेल, दोन गटांत नेमका फरक काय, जादा तपासण्यांचा खर्च कोणाचा, इजा झाली तर भरपाई कोण देणार, आणि सीटीआरआय (देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक काय. सातपेक्षा मोठ्या मुलाची स्वतःची संमतीही घेतात. कधीही बाहेर पडता येतं, उपचार त्यामुळे थांबत नाही. कागद घरी नेऊन वाचायला वेळ मागा.

नव्या औषधांबद्दल वर्तमानपत्रांत येतं त्यापेक्षा थोडं सावधपणे बघावं. ब्लिनाटुमोमॅब साधारण धोक्याच्या बी-प्रकारात जोडल्यावर तीन वर्षांनी रोगमुक्त मुलं ८८ वरून ९६ टक्के झाल्याचं २०२४ अखेरीस प्रसिद्ध झालं. हे खरंच मोठं आहे, पण औषध २८ दिवस सलग पंपातून द्यावं लागतं आणि किंमत अजून बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देण्याच्या, उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, ती १५ वर्षं आणि त्यावरील वयासाठी, तेही रोग उलटल्यावर किंवा उपचाराला दाद न दिल्यावर. सहा वर्षांच्या मुलाच्या पहिल्याच उपचारात कार-टी मागण्यात अर्थ नाही.

शेवटच्या गोळीनंतर

पहिल्या वर्षी साधारण महिन्या-दोन महिन्यांनी तपासणी, पुढे अंतर वाढत जातं. सहा महिन्यांनी लसीकरण पुन्हा सुरू करतात. सेप्ट्रान सांगेपर्यंत चालू ठेवा. मुलग्यांमध्ये अंडकोशाला एका बाजूने, न दुखता सूज आली, किंवा कोणालाही सकाळची डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. रोग उलटला तर बऱ्याचदा याच जागांतून डोकावतो.

डॉनोरुबिसिन किंवा डॉक्सोरुबिसिन मिळालं असेल, तर दर काही वर्षांनी हृदयाची इको लागते, मोठेपणीही. म्हणून फाइल बंद होताना रुग्णालयाकडून एका पानाचा सारांश घ्या: निदान, गुणसूत्रांचा निकाल, एमआरडी, प्रोटोकॉलचं नाव, या दोन औषधांचा चौरस मीटरमागे एकूण डोस, रेडिएशन झालं असेल तर किती आणि कुठे, शेवटच्या डोसची तारीख. एक प्रत घरी, एक फोनमध्ये, आणि मूल अठराचं झालं की त्याच्या स्वतःच्या हातात.